‘प्रत्येक’ व ‘केवळ’

अमेरिकेतील प्रत्येक संस्थानास स्वतःची राज्यघटना असते, व मताधिकार कोणास हे तीत नमूद असते. विस्कॉन्सिन संस्थानाच्या १८४८ च्या घटनेने, नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्या गोऱ्या परदेशी पुरुषासही मत दिले होते. १९०८ साली ती सवलत काढण्याचे ठरले. पुढे ‘प्रत्येक नागरिक’ मतदार होय, असे शब्द आले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ‘प्रत्येक’ काढून ‘केवळ’ घातला. वाचकहो, भेद क्षुल्लक नव्हे. ‘प्रत्येक’ नागरिकास हक्क देतो, परक्यास स्पष्ट मज्जाव करीत नाही. राष्ट्रीय निवडणुकीत परक्यांस १९९६ च्या कायद्याने मनाई होतीच. तेव्हा खरा परिणाम गावच्या कारभारावर, असे आम्हांस वाटते. मेरीलंड संस्थानातील टाकोमा पार्क ह्या गावाने १९९२ साली परदेशी रहिवाशांस गावच्या निवडणुकीत मत दिले. विस्कॉन्सिनमधील गावांस आता तसे करता येणार नाही.