घरातली बोली, घरातला धम्म : कोरियाचा धडा



साम्राज्य केवळ फौज घेऊन येत नाही. ते माणसाच्या केसांपर्यंत, मुलाच्या नावापर्यंत आणि घरातल्या बोलीपर्यंत पोचते. कोरियाच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते.

कोरियात धम्म इ. स. ३७२ मध्ये चीनमार्गे पोचला. लिपीही चीनचीच आली. पण हजारो चिनी अक्षरे शिकण्याची सवड कोणाला? वरिष्ठ वर्गालाच! कष्टकरी आणि स्त्रिया विद्येबाहेर राहिल्या. म्हणून राजा सेजोंगने २८ अक्षरांची सोपी लिपी तयार करून १४४६ साली ती जाहीर केली. या लिपीतील सुरुवातीच्या ग्रंथांतच भगवान बुद्धांचे चरित्र होते. परंतु विद्वानांनी तिला गावंढळ ठरविले आणि १८९४ पर्यंत सरकारी कागद चिनीतच चालले. लिपी जगली ती स्त्रियांच्या पत्रांत आणि सामान्यांच्या कथांत.

पुढे चीन, रशिया व जपान या तिघांत या देशासाठी झगडा सुरू झाला. १८९५ मध्ये जपानच्या वर्चस्वाखालील सरकारने पुरुषांनी डोक्यावरचा बुचडा कापावा, असा हुकूम काढला. लोक खवळून उठले. त्याच वर्षी एका जपानी भिक्खूच्या विनंतीवरून भिक्खूंवरील राजधानीची प्रवेशबंदी उठली. अनेकांना हा उपकार वाटला. पण १९१० मध्ये जपानने देश गिळला आणि १९११ च्या कायद्याने प्रमुख विहारांच्या अधिपतींची नेमणूक जपानी गव्हर्नर-जनरलच्या संमतीवर ठेवली. राज्यकर्त्यांच्या देशातही बुद्धाला मानणारे होते. तरी विहार स्वतंत्र राहिले नाहीत!

१९१९ च्या स्वातंत्र्य-घोषणेवर ३३ जणांनी सह्या केल्या. त्यांत दोन भिक्खू होते : हान योंग-उन आणि योंगसोंग. तुरुंगात योंगसोंगांनी पाहिले की, इतर धर्मीयांचे ग्रंथ लोकांच्या लिपीत आहेत. आपली सूत्रे मात्र चिनीत. सुटल्यावर १९२१ मध्ये त्यांनी भाषांतरासाठी मंडळ काढले आणि सूत्रे कोरियन भाषेत आणली.

सत्तेचा फास मात्र आवळतच गेला. १९३८ मध्ये शाळांत कोरियन भाषा ऐच्छिक केली. १९४० मध्ये घराण्यांना जपानी नावे घ्यायला लावली. १९४२ मध्ये कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्यांना पकडले. दोघे तुरुंगातच वारले. जप्त झालेली हस्तलिखिते १९४५ मध्ये, स्वातंत्र्यानंतर, सोल स्टेशनच्या गोदामात सापडली आणि १९४७ पासून तो कोश छापून निघू लागला.

यातून काय घ्यावे? भगवान बुद्धांनी लोकांच्या बोलीत धम्म सांगण्यास अनुमती दिली. जो धम्म घरातल्या बोलीत उतरतो, तोच आई मुलाला समजावून देऊ शकते. आज संध्याकाळी वंदनेनंतर मुलांना एवढेच विचारा : ‘जे म्हटलेस, त्याचा अर्थ काय?’ त्यांना सांगता आला नाही, तर पाली शब्दांचा अर्थ साध्या मराठीत मिळून शिका.