अपुऱ्या दिवसांचे बालक आणि त्याची बुद्धी

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे आपल्याकडे आजही खात्रीने सांगितले जाते. हा निव्वळ गैरसमज आहे. आईच्या उदरात बालक जितके आठवडे अधिक राहील तितके ते अधिक तयार होऊन बाहेर येते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बालकास अकाली जन्मलेले म्हणतात. सन २०२० मध्ये भारतात अशी सुमारे ३० लाख बालके जन्मली.

बाळ काचेच्या पेटीत असले की आपण श्वासाची आणि वजनाची चौकशी करतो. मेंदूविषयी कोणी विचारीत नाही. वास्तविक शेवटच्या तीन महिन्यांतच मेंदू झपाट्याने वाढतो. सहाव्या महिन्यात त्याचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो. अक्रोडाच्या गरासारख्या वळ्या त्यानंतर पडतात. ३५ व्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या दोन तृतीयांशच भरते. विजेच्या तारेवर वेष्टन असते तसे मज्जातंतूंवर मायेलिनचे आवरण चढणेही बाकीच असते. उदरातील अंधारात व्हायचे हे काम दिव्यांच्या उजेडात आणि यंत्रांच्या आवाजात करावे लागते. फारच लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याचा धोकाही असतो.

याचा पुढे परिणाम काय होतो? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने यासाठी मोठे चिकाटीचे काम केले आहे. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा तेथील डॉक्टरांनी अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा कमी आढळला; वाचन आणि विशेषतः गणित अनेकांना जड जात होते. परंतु आईचे शिक्षण आणि घरची परिस्थिती यांचाही बुद्धीशी संबंध दिसला. ही बाब आपल्या समाजाने नीट लक्षात घेण्याजोगी आहे. शिवाय सरासरी म्हणजे प्रत्येक मूल नव्हे. अशी कितीतरी मुले इतरांच्या बरोबरीने शिकतात.

काही मुलांचे लक्ष एका जागी टिकत नाही, तीन सूचना एकदम दिल्या तर एकच ध्यानात राहते. अशा मुलाला 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर बसविणे हा अन्याय आहे. त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगावी. आपल्या अभ्यासवर्गातील विद्यार्थ्यांना हे सहज जमेल. तान्ह्या वयातही तुलना जपून करावी. दोन महिने आधी जन्मलेले मूल दहा महिन्यांचे झाले तर ते आठ महिन्यांचे समजून पाहावे. दोन वर्षांपर्यंत असाच हिशेब धरतात.

मागल्या जन्मीचे पाप म्हणून असे मूल झाले, असेही कोणी बोलून जातो. सर्वच दुःखे पूर्वकर्मामुळे होतात हे मत भगवान बुद्धांनी मोळियसीवक सुत्तात नाकारले आहे. आईचा रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी मुले, कोवळ्या वयातील बाळंतपण अशी कारणे शोधावीत. कित्येकदा कारण सापडतही नाही. तेव्हाही सुनेला दोष देऊ नये.

उपाय मात्र गरिबालाही परवडणारा आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणे, ही 'कांगारू' पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली. जन्मानंतर लगेच ती सुरू केल्यास मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. वडिलांनीही बाळ असे धरावे, त्यात संकोच कसला? बाळाच्या डोळ्यांचा पडदा पहिल्या महिन्याभरात तपासून घ्यावा. पुढे बसणे, बोलणे मागे पडत असेल तर सरकारच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विनामूल्य तपासणी होते.

रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारे कार्ड बँकेच्या पासबुकासारखे जपून ठेवावे. बाळ किती आठवड्यांचे व किती वजनाचे होते हे त्यावर लिहिलेले असते. शाळेत नाव घालताना ते शिक्षकांना दाखवावे.