काठीला कळलेलं

तिशीत माझी दृष्टी गेली. तेव्हापासून बारा वर्षं पुण्यात पांढरी काठी घेऊन एकटा फिरतोय. त्यातून कळलेलं सांगतो.

१. रस्ता पायांना पाठ होतो. घराबाहेर उतार, मग पिठाच्या गिरणीचा आवाज, मग ड्रेनेजचं हलणारं झाकण, तिथून डावीकडे बसस्टॉप. फुटपाथवर कुणी स्कूटर आडवी लावली किंवा मांडवाचे बांबू रोवले, की मला गाड्यांमध्ये उतरावं लागतं. उतरणं जमतं. परत कुठे चढायचं, ते सापडत नाही.

२. पिवळ्या खडबडीत टाइल्स शोभेसाठी नसतात. जपानच्या सेइइची मियाके यांची ही कल्पना. १९६७ साली ओकायामात अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब. एका रस्त्यावर रेघांनी मला थेट वडाच्या बुंध्यावर नेलं. आधी एकही ठिपका नव्हता. कपाळाला तीन टाके पडले. टाइल्स अगदी सरळ ओळीत बसवल्या होत्या, पण त्या काय सांगतात हे बसवणाऱ्याला कुणी सांगितलंच नसावं.

३. काठीला कमरेवरचं कळत नाही. टेम्पोबाहेर आलेल्या सळया, खांबाची तिरकी तार, लोंबती फांदी.

४. पावसात छत्री घेत नाही. तिच्यावरच्या तडतडीत रिक्षा ऐकू येत नाही.

५. माझी एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते. तिला फुटपाथची कड नको असते. मला हवी असते, नाहीतर रस्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. यावर आम्ही खूप वाद घातला. उत्तर सोपं निघालं: उतार करा आणि त्याच्या तोंडाशी ठिपक्यांची पट्टी द्या. उतारही सहा इंच उंचीला सहा फूट लांब हवा. दोन फुटांत उरकलेल्या उतारावरून तिची खुर्ची मागे कलंडते. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद झाल्यावर आम्ही दोघं तिथे पहिल्यांदा शेजारी शेजारी, गप्पा मारत गेलो.

६. मदत करायची तर आधी विचारा. दंड धरून ओढू नका. तुमचं कोपर पुढे करा, मी धरतो.

७. अडथळ्यांविना फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तुमची गाडी आत्ता फुटपाथवर उभी असेल, तर कृपा करून ती खाली घ्या.