हातातील यंत्र आणि फिरतीचे काम

फिरतीच्या नोकरीत एकच काम दोनदा करावे लागे. गावी जाऊन वहीत टिपण घ्यायचे आणि कचेरीत परतल्यावर तेच नोंदवहीत उतरवायचे. त्यात वेळ जाई, चुकाही शिरत. ही नक्कल टाळणे, हाच मोबाइलचा खरा उपयोग होय.

पीक पाहणीचे उदाहरण घेऊ. सातबाऱ्यातील गाव नमुना बारावर पिकाची नोंद तलाठी करीत. एका सज्जात अनेक गावे. प्रत्येक बांधावर पोहोचणे अवघडच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. आता शेतकरी शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो व नोंद तेथेच होते.

मात्र यंत्र हाती दिले म्हणजे काम सोपे झाले, असे नव्हे. त्याच ऑगस्टमध्ये राज्यातील अनेक अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. फोन वारंवार बिघडतात आणि ‘पोषण ट्रॅकर’मध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते, ही त्यांची तक्रार होती.

विष्णुपुरीहून लोहा-कंधारकडील खेड्यांत सर्वेक्षणास जाणाऱ्या विद्यार्थीमित्रांनी यावरून बोध घ्यावा. प्रश्नावली मराठीत असावी व निघण्यापूर्वी तपासलेली असावी. रेंज नसली तरी नोंद साठली पाहिजे. उत्तर मिळेल तेथेच ते लिहावे, परतताना एस.टी.त फक्त पडताळणी करावी. यंत्र स्मरणाचे ओझे हलके करते. पण समोरच्या माणसाचे म्हणणे नीट ऐकून घेण्याची जबाबदारी आपलीच राहते.