संकेतपृष्ठावरील चित्र आणि त्याचे शब्द

संकेतपृष्ठ रचण्याच्या एचटीएमएल या भाषेत चित्रासाठी ‘आयएमजी’ हा टॅग असावा, असे मार्क अँड्रीसन यांनी १९९३ साली सुचविले. त्यात ‘एसआरसी’पुढे चित्राच्या फाईलचा पत्ता व ‘ऑल्ट’पुढे चित्राचा आशय शब्दांत लिहावयाचा असतो. पत्ता चुकल्यास चित्राऐवजी हे शब्द दिसतात. दृष्टिहीनांना वाचक-सॉफ्टवेअर तेच ऐकविते. १९९७ च्या एचटीएमएल ४.० मानकाने ‘ऑल्ट’ आवश्यक ठरविले.

ग्रामसभेच्या सूचनेचे केवळ छायाचित्र चढवून ‘ऑल्ट’मध्ये नुसते ‘सूचना’ असे लिहिल्यास दृष्टिहीन ग्रामस्थास सभेची तारीख कळत नाही. यास्तव तेथे तारीख, वेळ व स्थळ अवश्य लिहावे; मजकूर मोठा असल्यास तो पृष्ठावरच अक्षरांत द्यावा. सूचना सर्वांसाठी असते, केवळ डोळसांसाठी नव्हे.