संगणकाच्या स्मृतीची उलटतपासणी

आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणक हा आमचा विषय नव्हे. तरीही या स्मरणिकेसाठी हा पाठ लिहीत आहोत, कारण त्यात आमची एक चूक आहे.

कार्यालयातील संगणकावर शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी दाखले स्कॅन करून ठेवले होते. त्यांतील काही फाइली अर्ध्याच उघडू लागल्या. मधूनच पडदा निळा होई आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई. आदल्या संध्याकाळी त्या संगणकावर नववीतील एक विद्यार्थी बसला होता. आम्ही त्यालाच बोल लावला. तो गप्प राहिला. अर्जांची मुदत चार दिवसांवर आली होती.

व्हायरस सापडेना, तेव्हा संशय रॅमवर गेला. संगणकाचे प्रत्येक काम रॅममधून जाते. तेथे एखाद्या शून्याचा एक झाला, तर डिस्कवर तोच खोटा मजकूर निमूटपणे साठविला जातो. २००३ साली बेल्जियममधील शारबीक येथे मतमोजणीत एका उमेदवारास ४०९६ मते अधिक मिळाली होती. ही संख्या म्हणजे २ चा बारावा घात. अर्थात एकच बिट उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. मते शक्यतेपेक्षा अधिक भरली म्हणून ती चूक उघड झाली. दाखल्याच्या फाइलीत अशी चूक कोण पकडणार? मोठ्या सर्व्हरमध्ये ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक दुरुस्त करतात. आपल्या साध्या संगणकात ती सोय नसते.

आमच्या संगणकात डीडीआर४ प्रकारच्या चार पट्ट्या होत्या, दोन जुन्या व दोन मागाहून बसविलेल्या. चारींवर ३२०० हा वेग छापलेला. मात्र हा वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी नावाची मांडणी चालू केली, की नेहमीच्या १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट देऊन पट्टी त्या वेगाने धावते. ती चालू नसेल, तर पट्टी २१३३ किंवा २४०० अशा मूळ वेगाने चालते. छापलेला आकडा केवळ पट्टीपुरता असतो. तिच्याशी बोलणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो आणि आमच्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा २६६६ होती. त्यातून एकाच वाहिनीवर दोन-दोन पट्ट्या आल्या, की संकेत अचूक वेळेत पोहोचणे आणखी अवघड होते. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढताना माणसे वाढली की ताल सांभाळणे कठीण जाते, तसेच काहीसे.

साक्षीदार तपासताना एका वेळी एकच प्रश्न विचारावा, हा आमच्या विषयाचा दंडक येथेही चालला. मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालविला. ३२०० वर काही मिनिटांतच चुका दिसल्या. मग संगणक बंद करून, वायर काढून, पट्ट्या उपसल्या. खाऱ्या वाऱ्याने त्यांचे संपर्क काळवंडले होते. ते खोडरबराने हलकेच पुसले व पट्ट्या खट् आवाज येईतो बसविल्या. चुका घटल्या, पण थांबल्या नाहीत. मूळ २१३३ वर रात्रभर एकही चूक नाही. (पावसात दोनदा वीज गेली आणि चाचणी पहिल्यापासून करावी लागली, हे ओघाने आलेच.) त्यानंतर प्रत्येक जोडी एकेकटी ३२०० वर चालविली. दोन्ही जोड्या निर्दोष! म्हणजे पट्टी कोणतीच खराब नव्हती. चौघींना मिळून तो वेग पेलत नव्हता. २१३३ वर चुका दिसल्या असत्या, तर मात्र एकेक पट्टी व एकेक खाच तपासून दोषी पट्टी बदलावी लागली असती.

काही जण अशा वेळी व्होल्टेज वाढवितात. आम्ही ते टाळले. २९३३ वर काही तासांनी एक चूक दिसली. एक चूकही खपवून घेऊ नये. म्हणून २६६६ वर उतरलो. सलग दोन रात्री चाचणी स्वच्छ गेली. वेगातील फरक कार्यालयीन कामात कोणास जाणवलाही नाही.

बिघडलेल्या फाइली मात्र सुधारत नाहीत. मूळ कागद काढून सारे दाखले पुन्हा स्कॅन केले आणि मुदतीच्या आदल्या रात्री अर्ज भरून झाले. स्कॅनरजवळ बसून प्रत्येक फाइल उघडून पाहणारा तोच नववीतील विद्यार्थी होता. त्याआधी सकाळच्या परिपाठात, सर्वांसमक्ष, आम्ही त्याची क्षमा मागितली होती. संगणकाच्या डब्यावर ‘वेग २६६६, बदलू नये’ ही चिठ्ठी त्याच्याच अक्षरात चिकटविलेली आहे.