परसबाग सल्ला: मर रोग खुरप्यावरूनही पसरतो

महाड-पोलादपूरच्या पावसात परसातलं वांगी, मिरची किंवा टोमॅटोचं झाड हिरवंगार असतानाच मान टाकतंय? बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात अर्धा बुडवून धरा. ५-१० मिनिटांत दुधासारखी धार सुटली, तर ती जिवाणूजन्य मर. फवारणीने झाड वाचत नाही, बाकीची वाचवा. धार नसेल, तर आधी पाण्याचा निचरा बघा.

१. रोगट झाड मुळासकट काढून परसाबाहेर नष्ट करा.
२. खुरपं एकच असेल तर निरोगी वाफे आधी, रोगट शेवटी.
३. काम झालं की खुरपं, विळा, कुदळ यांची माती धुवा. पातं स्पिरिटने पुसा (चुलीपासून लांब!). सुकवून खोबरेल लावा, गंज धरणार नाही.
४. त्या वाफ्यात पुढं मका घ्या.